पाहुण्यांसाठी अंगण

मागच्या आठवड्यात आमच्या अंगणात दगडी फरशीसारखा छाप उठवलेलं काँक्रीट झालं. नक्षी आणि काँक्रीटचा रंग मीच मोबाइलवर निवडले होते, कॉलेजातल्या मैत्रिणी येतील म्हणून. आज आई परसात, धुण्याच्या दगडापाशी चिखलात घसरली. गुडघा फुटला.

मी अण्णांवर ओरडले, "थोडं काँक्रीट मागं का नाही टाकलं?"

"रंगातच पैसे संपले. तो महागातला कुणाला हवा होता?"

तरी माझा राग जाईना. घर सजवताना आपण दारात येणाऱ्यांचा विचार आधी करतो, घरात राबणाऱ्यांचा बहुतेक नंतरही नाही.

"असू दे गं," आई चिखल पुसत म्हणाली, "मागं कोण येतंय?"

रोज तिथे तीच उभी असते. तिनंही स्वतःला मोजलं नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.