वरणाच्या पातेल्यावरची ढाल

गिरिधर माझा चुलत भाऊ. जुन्या जालन्यात वाढला, बियाण्यांच्या कंपनीत लागला आणि कंपनीने पाठवलं म्हणून केनियात गेला. थोड्या दिवसांसाठी गेलेला हा माणूस मुलगा अवधूत कॉलेजात जाईपर्यंत परतला नाही. अवधूतच्या मुंजीलाही आला नाही. पेरणीचा हंगाम आहे, रजा मिळत नाही, असं कळवलं. जशी काही सगळ्या आफ्रिकेची पेरणी याच्यावाचून अडली होती! शेल्याखाली अवधूतच्या कानात मंत्र सांगितला तो त्याच्या मामाने.

येताना गिरिधरने एक लाकडी ढाल आणली. त्याचा तिथला शेजारी म्वांगी किकुयू जमातीचा. ढाल त्याच्या आजाची. लढाईची नव्हे. जुन्या काळी पोरांना जवान म्हणून समाजात घेण्याचा विधी असायचा, त्यात नाचताना ती डाव्या दंडात अडकवायची. अखंड लाकडातून कोरलेली, पुढून नागमोडी रंगीत रेघा, मागे हात घालायला कडी. ज्याचा विधी झाला त्याने ती धाकट्याला द्यायची आणि धाकट्याने जुना रंग खरवडून आपला चढवायचा. म्वांगीच्या घरात आता ती कुणाला नको होती. “तुझ्या मुलाला दे,” म्हणून त्याने ती गिरिधरच्या हातात ठेवली.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण गिरिधर येणाऱ्या प्रत्येकाला चहा गार होईपर्यंत ते ऐकवायचा. ढाल मात्र दिवाणखान्याच्या भिंतीवरच राहिली. अवधूतच्या हातात काही ती पडली नाही.

यंदा अवधूतच्या मुलाची, वरदची मुंज ठरली आणि गिरिधरला हुक्की आली.

“ढाल मी वरदला देऊन राह्यलो मुंजीत. चालंल न?” त्याने अवधूतला विचारलं. मी आणि गिरिधरची बायको नीलावहिनी तिथेच लाडू वळत होतो.

“कोणासाठी दिल्ती ती, बाबा?”

“तुझ्यासाठी. पण तू कधी मागितलीच न्हाई.”

“मागायची असते का ती?”

गिरिधरने परातीतला एक लाडू उचलून परत ठेवला. वहिनींनी मान वर केली नाही. शेवटी अवधूतच म्हणाला, “द्या. तुमची मर्जी.”

मुंजीच्या दिवशी गिरिधर नवं धोतर नेसून हजर. ढाल त्याने उपरण्यात गुंडाळून कार्यालयाच्या कोठीघरात ठेवली होती. अवधूतने वरदला शेल्याखाली घेऊन मंत्र दिला. आम्ही अक्षता टाकल्या. गिरिधर ढाल आणायला गेला तो बराच वेळ आला नाही, म्हणून मी मागे स्वयंपाकघरात गेले.

ढाल वरणाच्या पातेल्यावर होती.

“मागं कडी दिसली, मला वाटलं झाकणच हाय,” रामकिसन आचारी सांगत होता. “धूळ होती म्हणून काथ्यानं घासून घेतलं. बिलकुल बराबर बसलं बघा!”

गिरिधर त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. त्याने ढाल उचलून धोतरालाच पुसली. नागमोडी रेघा गेल्या होत्या, खालचं पांढरट लाकूड उघडं पडलं होतं. हिंगाचा वास येत होता. मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी रागही आला, कारण अवधूतच्या मुंजीत भर मांडवात वडिलांना शोधणारं ते आठ वर्षांचं पोर मी पाहिलं होतं.

तेवढ्यात अवधूत वरणाचं भांडं घेऊन आत आला.

“रंग सगळा निघाला बघ,” गिरिधरने ढाल पुढे केली. “आता लावता येतो तुला तुझा. घे बाबा. तुझीच आहे.”

अवधूतने ढालीकडे नीट पाहिलं. मग भांडं भरून घेतलं.

“मामा पानावर बसलेत,” तो म्हणाला. “त्यांना वाढायचंय.”

पहिली पंगत उठली, दुसरी बसली. गिरिधर ढाल धरून तिथेच उभा होता. अवधूत नंतर वरणाला आला नाही, त्याने दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं.