माझ्या डोक्याचा निवाडा

मी लिहावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीसुद्धा हातात धरलेली नव्हती. डोकेदुखीसारख्या क्षुल्लक गोष्टीवर वाचकांचा वेळ घ्यायचा याचा संकोच वाटतो. चुकलं तर माफ करावं. पण या दुखण्यापायी मला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितो.

पुण्याला कॉलेजात गेलो त्या पहिल्याच हिवाळ्यात ते सुरू झालं. दुपार कलली की मानेच्या मुळाशी काहीतरी आवळायला लागे. तिथून ते वर चढे आणि कपाळाभोवती कुणी ओला पटका गच्च गुंडाळून गाठ मारावी तसं होई. ताप नाही, उलटी नाही. फणी लावली तरी कातडी हुळहुळे. सहामाही परीक्षेत मी पेपर अर्धवट टाकून उठलो. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि "तुला काही झालेलं नाही" म्हणाले. काही झालेलं नाही! मग मी काय हौसेनं कपाळ धरून बसत होतो?

सुटीत सांगोल्याकडे घरी गेलो. आम्ही धनगर. मेंढराला आजार झाला की डाग देतात. वडिलांनी सळई तापवून माझ्या दोन्ही कानशिलांवर डाग दिले. वर म्हणाले, "आपल्या वंशाला अक्षर सोसत न्हाय, पोरा. पुरं झालं आता." डाग वाळले. डोकं दुखायचं थांबलं नाही.

पुण्याच्या ज्या वसतिगृहात मला फुकट राहायला मिळे, तिथली जागा परीक्षा बुडाल्यामुळे जाणार होती. जागा गेली की कॉलेज संपलं. ती ठेवायची की नाही हे ज्यांच्या शब्दावर होतं ते वसतिगृहाच्या मंडळावरचे वकील सोलापुरात राहत. म्हणून मी मामाकडे सोलापूरला आलो. मामा घोंगड्या विकायचा.

वकिलांनी मला बस म्हटलं नाही. कानशिलांवरचे डाग निरखून पाहिले आणि अगदी मायेनं म्हणाले, "अरे, यात तुझा दोष नाही. पिढ्यानपिढ्या रानात हिंडलेली माणसं तुम्ही. एकदम एवढा विद्येचा ताण तुमच्या डोक्याला कसा सोसायचा? तलाठ्याचं काम बघ कुठंतरी. सुखी होशील."

माझे वडील आणि हे वकील जन्मात एका जाजमावर बसले नसते. पण माझ्या डोक्याच्या बाबतीत दोघांचं एकमत! मी मान खाली घालून उभा राहिलो. दात दातांवर घट्ट बसले, खांदे कानांपर्यंत चढले, आणि तो पटका आवळत आवळत आला. हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं. मामाच्या दुकानात घोंगड्यांच्या थप्पीवर पडून मी तासन्‌तास वाचत असे, तेव्हा असं होत नसे. वसतिगृहाच्या पंगतीत, वर्गात उत्तर येत असून गप्प बसताना, कुणी माझ्या बोलण्याला हसलं की, तेव्हा हमखास होई.

"साहेब," मी म्हणालो. "वाचताना नाही दुखत माझं डोकं. असं उभं राहिलं की दुखतं."

"उद्धट आहेस," ते म्हणाले. "निकाल कळवू."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामा कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "लेका, गप ऱ्हायला काय पैसं पडत व्हतं का?" मामीनं सुंठ उगाळून लावली. ती हसून म्हणाली, "बोलला ते बरं केलं की. आज जेवला तरी पोटभर."

दुखणं गेलं नाही, आजही गेलेलं नाही. फक्त त्याची चाहूल आता मला लागते. दात सोडवतो, खांदे खाली घेतो, मानेवर गरम पाण्याचा फडका ठेवतो, पुस्तकावरून नजर उचलून लांबच्या लिंबाकडे पाहत बसतो. कधी उतरतं, कधी नाही. पण ते माझ्या रक्तात आहे असं कुणी म्हटलं की अजून अंगाची आग होते.

निकाल येईना. जून जवळ आला. वडिलांचा निरोप आला, मेंढरं राखायला माणूस नाही, ये. शेवटी वकिलांच्या घरी घोंगडी पोचवायला मामाच गेला. परत आला तो दारातच बसला आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

"तुजी जागा ऱ्हायली," तो म्हणाला. "वकील सोता म्हनले. डोस्कं काय, कुनाचं बी दुकतं म्हनले. त्यात एवढं काय."

तसं ते बोलले असतील यावर माझा विश्वास बसेना.

"आन घोंगडी कुनाला पायजे व्हती ठावं हाय का?" मामा आवाज खाली आणून म्हणाला. "त्येंच्या पोराला. पुन्यास्नं परीक्षा सोडून आलाय. माडीवर खिडक्यांना घोंगड्या लावून अंधारात निजलाय. डोस्क्याला फडकं बांदून."