फ्रेमवरचं नाणं

माठ आपण वाजवून घेतो. तशीच मी जुन्या कार्बन फायबरच्या सायकलची फ्रेम गॅलरीत बसून नाण्यानं वाजवतोय. गिअर, ब्रेक मीच नवे चढवले. उद्या लेक हिच्यावरून घाट उतरणार आहे. लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं. कार्बन काही न सांगता मोडतो. माझा थोरला भाऊ असाच गेला, हसत चहा पिता पिता.

टण् टण् करत आलेलं नाणं एका जुन्या स्टिकरवर बद्द वाजलं. स्टिकरच जाड असेल. की खाली तडा आहे?

"बाबा, झाली ना सायकल?" लेकीनं आतून विचारलं.

"झालीच," माझ्या तोंडून निघून गेलं.

स्टिकरच्या कडेला नख लावलंय, पण सोलायला हात धजावत नाही.