गावकीने विचारलेला प्रश्न

आमच्या गावकीच्या बैठकीत बायका बसत नाहीत. पुरुष देवळाच्या सभामंडपात बसतात, बायका बाहेर पारापाशी उभ्या राहून ऐकतात. मी पोलादपुरात शाळेत शिकवते, मुलांकडून समानतेचा धडा घोकून घेते, आणि त्या रविवारी मीही मुकाट पारापाशीच उभी राहिले. त्याचा मला अजून राग येतो.

बैठक माझ्या धाकट्या भावाची होती. सव्वीस वर्षांचा, महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याला कामावर लावणारा ठेकेदार आमच्याच गावचा. त्यानेच कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी घालून भावावर जबरदस्ती केली. भावाला महाडला जाऊन तक्रार द्यायची होती. पण दोघेही गावचे, म्हणजे आधी गावकीपुढे सांगायचं, ही रीत.

तो मान खाली घालून सांगत होता. मध्येच कुणीतरी फिसकन हसलं. मग गावकीचे अध्यक्ष, आमचे सख्खे चुलते, म्हणाले, "एवढा दणकट गडी तू. हात नव्हते काय रे तुला?"

"पुरुषावर कधी जबरदस्ती होते काय?" दुसरा म्हणाला. "उगाच ठेकेदाराच्या पोटावर पाय देऊ नको."

माझ्या शेजारी चुलती उभी होती. ती हळूच म्हणाली, "हात गार पडतात गो. आपल्याला ठावं हाय, ह्यांना काय कळणार नाय." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. तोंड मात्र एकीनेही उघडलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी सरळ मंडपात शिरले. "कॉलेजात असताना एसटीत एकाने माझ्या अंगाला हात लावला, तेव्हा याच काकांनी त्याला डेपोत तुडवला होता. मला हात नव्हते का, असं कुणी विचारलं नाही."

"बाईमाणसाचं वेगळं असतं," चुलते म्हणाले. "तू बाहेर हो."

मी भावाला उठवलं आणि बाहेर काढलं. "चल, आत्ताच महाडला जाऊ."

मोटारसायकल त्यानेच चालवली. पोलीस ठाण्याच्या दारात थांबला आणि म्हणाला, "ताई, मी पहिल्यांदा तुला सांगितलं, तेव्हा तूही हेच विचारलं होतंस."

विचारलं होतं मी. हात नव्हते का तुला, असंच.

"तू बाहेरच थांब," म्हणाला आणि एकटाच आत गेला.