सूर न उचललेले चार रविवार

असं म्हणतात, आणि म्हणतात म्हणजे चार ठिकाणी मीच सांगितलंय, खोटं कशाला बोलू, की आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या शिंपीणबाईंनी एका शनिवारी सत्तर बायकांना दुकानात घेतलं, दार लावलं आणि शास्त्रावर हात ठेवून मुकं राहायची शपथ घातली. जी तोंड उघडेल तिच्या कपड्याला जन्मात सुई लावणार नाही, अशी वर धमकी. आता त्या दुकानात दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि दाराबाहेर एक बाक. सत्तर सोडा, सात जणी आल्या तर आठवीला श्वास घ्यायला रस्त्यावर जावं लागतं. पण अफवेला जागा कुठे लागते?

बाईंची कात्री धारदार, जीभ त्याहून. माप घेताना तोंडात टाचण्या असायच्या, म्हणून आधी गिऱ्हाईक बोलायचं. टाचण्या संपल्या की बाई सुरू. रविवारच्या उपदेशात पास्टरांनी काय गाळलं, त्या वचनाच्या मागेपुढे काय आहे, हे काज करता करता असं उलगडायच्या की बाहेरच्या बाकावर पुरुषही रेंगाळायचे. मंडळीचे खजिनदार एकच पँट आखूड करायला तीनदा आले. चौथ्यांदा बाई म्हणाल्या, “अहो, आता कापली तर चड्डी होईल. नुसतेच बसा आणि ऐका.”

मात्र हे सगळं दुकानात. मंडळीत बायकांनी मुलांचे वर्ग घ्यावेत, खुर्च्या मांडाव्यात, आजाऱ्यांची विचारपूस करावी आणि गीताचा सूर उचलावा. आमच्याकडे वाद्य नाही, पहिल्यापासून नाही. पास्टर क्रमांक सांगतात, एक जण पहिली ओळ उचलते, मग सगळे. बावीस वर्षं ती एक जण म्हणजे शिंपीणबाई. व्यासपीठाला चार पायऱ्या. सूर उचलायला बाईंनी खालच्या पायरीवर उभं राहायचं. वरच्या तीन पुरुषांच्या.

बाईंना त्या तीन पायऱ्या चढायच्या होत्या. उपदेश करायचा होता. दहा जणींना हाताशी धरून त्यांनी अर्ज लिहिला की जिला देवाने शिकवण्याचं दान दिलंय तिला व्यासपीठ मिळावं. शास्त्रातल्या दाखल्यांसकट चांगली दोन पानं. घरोघर फिरून सह्या घेतल्या. काही दारं तोंडावर आपटली, तिथे बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. “काल तुमचं दार जोरात लागलं हो, बिजागरी बघून घ्या,” म्हणायच्या आणि पेन पुढे करायच्या.

अर्ज समितीपुढे गेला. समितीचे प्रमुख कोण? बाईंचे सख्खे धाकटे दीर! त्यांचा शाळेतला पहिला सदरा बाईंनी शिवलेला, लग्नाचा कोटही त्यांचाच. तोच कोट घालून दीर रविवारी उभे राहिले, एकच वचन वाचलं, “स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं,” आणि म्हणाले, “अर्ज निकाली.” समोर बसलेल्या वहिनीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

बाईंचे यजमान कुलपं दुरुस्त करतात. मितभाषी माणूस. संध्याकाळी त्यांनी विचारलं, “आता भांडणार?”

“छे. वचन आहे, पाळणार.”

आपल्या भावाची आता धडगत नाही, हे यजमान तिथेच समजले.

पुढच्या रविवारी पास्टरांनी गीताचा क्रमांक सांगितला. बाई खालच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. ओठ मिटलेले. पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीच्या सगळ्यात आधी ध्यानात आलं. तिने गीतांचं पुस्तक टपकन मिटलं. मग तिच्या शेजारणीने. मग पुढची रांग. टप, टप, टप. दीरांनी धीर करून स्वतः सूर उचलला, तो इतका उंच की दुसऱ्या ओळीला कुठे उतरावं ते त्यांना कळेना. मुलं खिदळली.

खरी गंमत पुढे. पास्टरांनी विचारलं, “प्रार्थनेसाठी कोणाची नावं?” कोणाचं ऑपरेशन आहे, कोण बाळंतीण, हे आमच्याकडे बायकांनाच ठाऊक. खजिनदार उठले आणि म्हणाले, “माझ्या माहितीत सगळे ठणठणीत आहेत.” त्यांची सख्खी सासू दवाखान्यात होती. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं ते मला कळलंय, पण राहू दे.

असे चार रविवार गेले. सोमवारी दीर दुकानात आले.

“वहिनी, पुरे आता.”

“काय पुरे, भाऊजी? तुम्ही सांगितलंत तेच करतेय.”

“इथे तर बोलताय!”

“हे दुकान आहे, मंडळी नव्हे. कोट काढा, बगलेत उसवलाय.”

दीर कोट काढून बाकावर बसले. “येत्या रविवारी माझ्या तान्ह्या नातीचं मंडळीत समर्पण आहे. लेकराला मुक्यानेच देवाच्या हाती द्यायचं का?”

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. “शास्त्रातल्या ज्या पत्रातलं वचन तुम्ही वाचलंत, त्यातच थोडं आधी लिहिलंय, बायकांनी प्रार्थना कशी करावी, देवाचा संदेश कसा सांगावा. तोंड उघडायचंच नव्हतं, तर कसं उघडावं हे कशाला सांगितलं असतं? अर्जाच्या दुसऱ्या पानावर सगळं होतं.”

दीर आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, “दुसरं पान मी वाचलं नाही.”

“ठाऊक आहे. शाळेतही धडा अर्धाच वाचायचात. मारही मीच चुकवायची.”

त्याच आठवड्यात समिती बसली. दोघे विरोधात गेले, त्यातला एक मंडळीच सोडून गेला. रविवारी दीर सगळ्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “मी अर्ज अर्धाच वाचून निकाल दिला. चूक माझी.” एवढं म्हणायला छाती लागते, हे मी त्यांची टिंगल करणारा माणूसही कबूल करतो.

नातीच्या समर्पणाला बाईंनी सूर उचलला. चार आठवडे कोंडलेले सत्तर गळे एकदम सुटले, छप्पर तेवढं जागेवर राहिलं. मग बाई एक, दोन, तीन पायऱ्या चढल्या. प्रभूचं थडगं रिकामं असल्याची बातमी पहिल्यांदा बायकांनी आणली आणि पुरुषांना ती बाष्कळ बडबड वाटली, यावर त्या सतरा मिनिटं बोलल्या. पास्टर पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. आज आमच्याकडे तीन बायका उपदेश करतात, दोघी समितीवर आहेत. परगावचा पाहुणा आला की मी त्याला आधी व्यासपीठ दाखवतो, मग ते दुकान.

शपथेचं म्हणाल, तर बाईंनी कोणालाही शपथ घातली नव्हती. एकाही बाईला आधी काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी त्यांनी सूर उचलला नाही, एवढंच.