खोपोलीत पाहिलेला नवा ट्रक
भाताच्या ताज्या पेंढ्याचा वास आला की मला खोपोलीतली ती सकाळ आठवते. आमच्या ट्रकचे हप्ते नुकतेच फिटले होते. कळंबचा पेंढा पोचवून आम्ही नवरा-बायको तसेच शोरूमला गेलो, कारण जुना देऊन मोठा ट्रक घ्यायचं यांच्या मनात होतं. नव्या केबिनमध्ये बसून यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "काय गं, घ्यायचा?" मी म्हटलं, "हप्ते लागले का जादा भाड्यासाठी परत रसायनीच्या कारखान्याचं केमिकल भरायला लागंल. त्याच्या वासानं लागलेला तुमचा खोकला आताशी कुठं थांबलाय." यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, मग हे खाली उतरले. "ऱ्हाऊ दे. आपला हाय तो बरा हाय." खोकला पुन्हा आला नाही. पण आजही हायवेला तसला ट्रक पुढे गेला की हे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतात.