सासूबाईंचा पट्टा

आमच्या शेवगाव तालुक्यात माणसाला पाच मिनिटं गप्प बसवण्याची ताकद फक्त माझ्या सासूबाईंमध्ये आहे. मी शाळेत शिकवते, तेव्हा हे मी अनुभवानं बोलते आहे. मला ते वर्गात जमत नाही, कीर्तनकाराला मंडपात जमत नाही आणि निवडणुकीच्या दिवसांत तर पोलिसांनाही जमत नाही. सासूबाई मात्र आमच्या ओट्यावरच्या खुर्चीत माणूस बसवतात, त्याच्या दंडाला ब्लडप्रेशरच्या मशीनचा निळा पट्टा गुंडाळतात आणि म्हणतात, “आता तोंड मिटायचं.” भल्याभल्यांचं मिटतं.

खरं तर त्या गुडघा दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा लावला आणि प्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं. सासूबाई घरी येईपर्यंत धुमसत होत्या. “दुखतोय गुडघा अन् ह्यांनी दाबला दंड!” इथे आल्यावर घाबरून वाढत असेल, घरी मोजून बघा, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून माझ्या नणंदेनं पुण्याहून मशीन पाठवलं. ते बरेच दिवस कपाटावर पडून राहिलं. एका सकाळी त्यांनी ते माझ्या नवऱ्याकडून समजून घेतलं आणि मोजलं. प्रेशर घरीही वाढलेलंच होतं. मग गोळी सुरू झाली, पापड-लोणचं बंद झालं, हळूहळू आकडा खाली आला. एखाद्या द्वाड कालवडीला वळण लावावं, तसा आनंद त्यांना झाला. आता हा आनंद एकटीनं उपभोगण्याचा त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी गाव धरलं.

त्यांचे नियम कडक आहेत. मोजायच्या आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकवायची, पाय जमिनीला लावायचे, पायावर पाय टाकायचा नाही, हात टेबलावर सैल ठेवायचा. मग पाच मिनिटं बोलायचं नाही, कारण “बोललं की आकडा चढतो.” एकदा मोजून भागत नाही, थोड्या वेळानं पुन्हा मोजायचं. त्यामुळे आमच्या घरी पाहुण्याला चहा फार उशिरा मिळतो, ही गोष्ट आता सगळ्या भावकीला माहीत झाली आहे. मत मागायला आलेल्या एका उमेदवारालाही त्यांनी असंच बसवलं. बाहेर त्याच्या गाडीवरचा भोंगा त्यांनी हाताच्या खुणेनंच बंद करायला लावला, आणि त्याचे कार्यकर्ते झेंडे घेऊन अंगणात मुकाट उभे राहिले. आकडा बघून त्या म्हणाल्या, “आधी गोळी चालू करा, मग मत मागा.” तो निवडून आला. पेढे घेऊन आला तेव्हा त्यानं पेढ्यांआधी दंड पुढे केला.

माझ्या चुलत नणंदेला बघायला मुलगा आला, तेव्हा तर मी लाजेनं स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. कांदेपोहे राहिले बाजूला, नवऱ्या मुलाचं प्रेशर भलतंच निघालं. मुलीकडचे मुलाकडच्यांकडे बघायला लागले. सासूबाईंनी सगळ्यांना अंगणात पिटाळलं, त्याला एकट्याला शांत बसवलं, पुन्हा मोजलं आणि ओट्यावर येऊन निकाल दिला, “पोरगा भित्रा हाय, पण चांगला हाय.” लग्न झालं. आणि बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले आमचे दोन भाऊबंद एकदा चुकून एकाच वेळी आले. शेजारी शेजारी बसून दोघंही भिंतीकडे बघत राहिले. थोरल्याचा आकडा सासूबाईंनी गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला, आणि धाकटा न राहवून म्हणाला, “माझ्यापेक्षा तुझा जास्त कसा काय?” एवढ्या वर्षांनी त्यांच्यात झालेलं ते पहिलं बोलणं.

माझा नवरा वैतागायचा. “आई, लोक आपल्याकडं यायचे बंद होतील.”

“होऊ दे. येतील ते जगतील तरी,” सासूबाई म्हणायच्या.

आम्ही हसायचो. मामांचं प्रकरण होईपर्यंत हसायचो.

मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. तिसगावजवळ त्यांची मोसंबीची बाग आहे. धिप्पाड माणूस, आवाज असा की बागेच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा गडी दचकावा. आयुष्यात कधी गोळी घेतली नाही, हे ते एखाद्या पदकासारखं सांगायचे. आमच्या मुलाच्या वाढदिवसाला ते आले आणि सासूबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. एकदा मोजलं. दुसऱ्या दंडावर मोजलं. मग मशीनच बिघडलं की काय म्हणून स्वतःचं मोजलं. मशीन ठीक होतं. एरवी आकडा गल्लीला ऐकवणाऱ्या सासूबाईंनी तो आकडा त्या दिवशी मोठ्यानं सांगितला नाही.

“दादा, उद्या डाक्टरकडं जायचं.”

“कशाला? मला चक्कर न्हाई, डोकं दुखत न्हाई. तुझ्यापेक्षा दोन भाकरी जास्त खातो मी, बाई.”

“दुखलं असतं तर बरं झालं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “डोक्यानं सांगितलं तरी असतं.”

मामा रागावून निघून गेले. त्यानंतर सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, दादा अलीकडं हिशेब बोटावर करतोय. एवढ्या बागेचा सौदा तोंडी करायचा तो. अन् आज तुझ्या नवऱ्याला एकच गोष्ट दोनदा इचारली.” आम्ही म्हटलं, वय झालंय. त्यांनी मान हलवली, पिशवीत दोन लुगडी आणि मशीन घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिसगाव गाठलं.

तिथलं सगळं मला मामींनी नंतर सांगितलं. मामा उठले की बागेत पळायचे, आणि सासूबाई मशीन घेऊन मागोमाग. मोसंबीखाली बाज टाकून त्या बसून राहायच्या. मामा चिडायचे, ओरडायचे, मग दमून बाजेवर बसायचे की ह्यांनी पट्टा गुंडाळलाच. सकाळ-संध्याकाळ आकडा तसाच वर. एका सकाळी मामा ठिबकच्या नळ्या बघत होते, तेव्हा सासूबाईंनी सहज विचारलं, “दादा, ह्या नळ्यांत पाणी लई दाबानं सोडलं तर?”

“नळ्या फाटतील की.”

“मग लगेच कळतं?”

“न्हाई. बारीक नळी आतल्या आत जाते. कळतं कधी, तर शेवटाचं झाड सुकायला लागल्यावर.”

हे मामा स्वतःच बोलले, आणि बोलल्यावर हातातली नळी घेऊन तसेच उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, “नगरला कधी जायचं, बाई?”

नगरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मी आणि माझा नवरा बरोबर होतो. डॉक्टरांनी पडद्यावर बारीक बारीक डाग दाखवले. “हे छोटे झटके आहेत, होऊन गेलेले. यांना कळलेही नसतील. वाढलेल्या दाबानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि तेवढा मेंदूचा भाग जातो. गेलं ते परत येणार नाही. पण दाब ताब्यात ठेवला तर पुढचं बरंच वाचवता येईल. मोठा झटका यायच्या आधी आणलंत, हे फार बरं केलंत. कुणाच्या लक्षात आलं?”

आम्ही सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाशी धरून दाराबाहेर गेल्या होत्या. मामा त्यांच्या मागे गेले आणि त्या अवाढव्य माणसानं बहिणीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

आता मामांकडे स्वतःचं मशीन आहे. रोज सकाळी त्यांचा फोन येतो आणि बाजारभाव सांगावा तसा ते आकडा सांगतात, “आज जरा उतरलाय, बाई!” आमच्या ओट्यावर गर्दी वाढली आहे. गावात मला आता मास्तरीणबाई कुणी म्हणत नाही, पट्टेवाल्या आजींची सून म्हणतात. कुणी तसं म्हटलं की मी वेणी नीट करून जरा ताठ चालते, हे इथे लिहायला हरकत नाही.

यंदा भाऊबीजेला मामा आले. दर भाऊबीजेला ओवाळायच्या आधी ते एक गोष्ट सांगतात. लहानपणी ओढ्याला पूर आला होता, तेव्हा त्यांनी बहिणीला खांद्यावर घेतलं, तिचं दप्तर दातात धरलं आणि पलीकडे शाळेत पोचवलं. दर वर्षी त्या ओढ्याचं पाणी वीतभर वाढतं, आणि दर वर्षी सासूबाई मध्येच तोडतात, “गुडघ्याएवढं हुतं, उगं सांगू नगंस.” यंदा मामांनी सुरुवात केली. ओढ्यापर्यंत आले आणि थांबले. “अन् मग...” म्हणाले. कपाळावर बोटं टेकवली. आम्ही सगळे खाली बघायला लागलो.

सासूबाईंच्या हातात निरांजनाचं ताट होतं. ते तसंच धरून त्या म्हणाल्या, “मग तू मला खांद्यावर घेतलंस. दप्तर दातात धरलंस. अन् पाण्यात शिरलास.”

मामा लहान मुलासारखे ऐकत होते. “लई पाणी हुतं का गं?”

“लई,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या गळ्यापतूर हुतं, दादा.”